संस्थांच्या इंग्रजी नावांपूर्वी ‘द’ केव्हा लावावे?



परभणी जिल्ह्यातील आपल्या खेड्यापाड्यांतून दरवर्षी उन्हाळा सरता सरता अर्ज लिहिण्याचा हंगाम येतो. कोणास शेतकी महाविद्यालयात प्रवेश पाहिजे असतो, कोणास परिचारिकेच्या शिक्षणासाठी परगावी जावयाचे असते, कोणास बँकेकडे कर्ज मागावयाचे असते. अर्ज पाठविण्यापूर्वी तो पाळकास किंवा शाळामास्तरांस दाखविण्याची चाल आपल्या मंडळ्यांत जुनी आहे. असे अर्ज वाचताना दिसून येते की, अक्षर बहुधा सुवाच्य असते, मजकूरही सरळ व नम्र असतो. परंतु एका इवल्याशा शब्दापाशी लिहिणाराची लेखणी अडते. तो शब्द म्हणजे इंग्रजीतील ‘द’ हे उपपद. कोणी ते प्रत्येक नावापूर्वी ठेवून देतो, कोणी कोठेच लावीत नाही, आणि कोणी आधी लिहितो, मग खोडतो, व खोडलेला कागद पाहून अर्ज पाठविण्याचेच टाळतो. या शेवटल्या कारणास्तव हा विषय आजच्या धड्यास घेतला आहे. कारण एका अक्षराच्या भयाने कोणाची वाट अडावी हे योग्य नव्हे.

प्रथम हे उपपद म्हणजे काय ते पाहू. मराठीत या जातीचा शब्द नाही. ‘पुस्तक आण’ असे म्हटले म्हणजे कोणते पुस्तक ते ऐकणारास प्रसंगावरून कळते. न कळल्यास आपण ‘ते पुस्तक’ असे म्हणून बोट दाखवितो. उर्दूतही असे उपपद नाही. १९१८ साली निघालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होत असे, आणि १९४८ सालापर्यंत आपला मुलूख निझामाच्या राज्यात होता. तेव्हा आपल्या वाडवडिलांस शाळेत मिळालेली दुसरी भाषाही या कामी साहाय्य करणारी नव्हती. इंग्रजीतील ‘द’ हे मूळचे दर्शक शब्दांच्या कुळातले, ‘दॅट’ या शब्दाचे सगोत्र होय. काळाच्या ओघात त्यातील बोट दाखविण्याचा जोर ओसरला, आणि ‘मी कोणाविषयी बोलतो ते तुम्हांस ठाऊक आहे’ एवढीच सूचना त्यात उरली.

येथेच आपल्या लोकांचा मोठा गैरसमज होतो. आपल्याकडे माणसाच्या नावास, ग्रंथाच्या आरंभास, पेढीच्या पाटीस ‘श्री’ लावण्याची रीत आहे, आणि ‘द’ हेही तसेच मानाचे अक्षर असावे, असे पुष्कळांस वाटते. मग न्यायालय थोर म्हणून त्यास ‘द’, विद्यापीठ थोर म्हणून त्यासही ‘द’, आणि न लावल्यास अनादर होईल अशी भीती! वाचकांनी एवढे एक वाक्य मनात धरून ठेवावे : ‘द’ हा मान नव्हे, ती खूण आहे. ते लावल्याने संस्था मोठी होत नाही व गाळल्याने लहान होत नाही. ही गोष्ट एकदा ध्यानात आली म्हणजे पुढील नियम पाठ करण्याचे फारसे कष्ट पडणार नाहीत.

पहिला नियम. संस्थेचे नाव सामान्यनामाने सुरू होत असून ती कोठली किंवा कशाची हे मागाहून ‘ऑफ’, ‘इन’, ‘फॉर’ अशा शब्दांनी सांगितले असेल, तर पूर्वी ‘द’ लागते. ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’, ‘द गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र’, ‘द चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’, ‘द मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ ही उदाहरणे पाहा. कारण उघड आहे. विद्यापीठे पुष्कळ आहेत. त्यांतील कोणते, तर मुंबईचे. अनेकांतून एक निवडून दाखवावयाचे असल्यामुळे खुणेची गरज पडते. परभणीस १९५६ साली जे शेतकी महाविद्यालय सुरू झाले त्याचा उल्लेख वाक्यात ‘द कॉलेज ऑफ ॲग्रिकल्चर’ असाच करावा.

दुसरा नियम. नावाच्या आरंभी गावाचे, प्रांताचे किंवा व्यक्तीचे विशेषनाम असून त्यामागे ‘कॉलेज’, ‘युनिव्हर्सिटी’, ‘स्कूल’ असा शब्द येत असेल, तर ‘द’ लावीत नाहीत. विशेषनामानेच खूण पटलेली असते; मग दुसरी कशास? १८५७ साली स्थापन झालेले ते एकच विद्यापीठ, पण ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ म्हणताना ‘द’ येते आणि ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ म्हणताना येत नाही. मुंबईचे विल्सन कॉलेज, पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, १९४७ साली निघालेले अहमदनगर कॉलेज, या सर्वांची नावे ‘द’वाचून लिहितात. आपल्या परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले, व २०१३ साली त्यास वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. आता त्याच्या इंग्रजी नावातही ‘कृषी विद्यापीठ’ हे आपलेच शब्द ठेवले आहेत. आरंभी व्यक्तीचे नाव असल्यामुळे त्यापूर्वी ‘द’ लिहिण्याचे कारण नाही.

या दोन नियमांतील भेद मुंबईतील दोन जुन्या उपासनामंदिरांवरून चांगला उमजतो. १७१८ साली उपासनेसाठी उघडलेल्या मंदिरास ‘सेंट थॉमस कॅथीड्रल’ म्हणतात. संताचे नाव आरंभी आहे, म्हणून ‘द’ नाही. कुलाब्याचे मंदिर, ज्याचे समर्पण १८५८ साली झाले, ते पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधले असल्यामुळे लोक त्यास ‘द अफगाण चर्च’ म्हणतात. ‘अफगाण’ हे कोणा व्यक्तीचे नाव नसून वर्णन आहे, म्हणून येथे ‘द’ आले. त्याच मंदिराचे विधियुक्त नाव ‘द चर्च ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट’ असे आहे, आणि त्यातील आरंभीचे ‘द’ पहिल्या नियमाने आले आहे.

तिसरा नियम. न्यायालये, कायदेमंडळे, रेल्वे आणि मंडळे किंवा सोसायट्या यांच्या नावांपूर्वी गावाचे किंवा प्रांताचे नाव असले तरीही ‘द’ लागते. १८६२ साली सुरू झालेले मुंबईचे उच्च न्यायालय इंग्रजीत ‘द बॉम्बे हायकोर्ट’ होय. तसेच ‘द लोकसभा’, ‘द परभणी जिल्हा परिषद’, आणि ज्या रेल्वेच्या नांदेड विभागात परभणी जंक्शन येते ती ‘द साउथ सेंट्रल रेल्वे’. मात्र ‘पार्लमेंट’ हा शब्द ‘द’वाचून चालतो, आणि ‘परभणी जंक्शन’ या स्थानकाच्या नावासही ‘द’ नको. दुसरा व तिसरा नियम एकाच वाक्यात पाहावयाचे असतील तर हे वाक्य घ्यावे : ‘द पीपल्स एज्युकेशन सोसायटी रन्स मिलिंद कॉलेज’. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली स्थापिलेली सोसायटी ‘द’ घेते, आणि तिने १९५० साली औरंगाबादेस (आता छत्रपती संभाजीनगर) सुरू केलेले कॉलेज घेत नाही. सोसायटी मोठी व कॉलेज धाकटे असे यात काहीच नाही. नावांची घडण निराळी आहे, इतकेच.

आता बँकांकडे वळू, कारण येथे नियमापेक्षा वहिवाट बलवत्तर आहे. रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया आणि बँक ऑफ महाराष्ट्र या दोन्हींचा जन्म एकाच, म्हणजे १९३५ या साली झाला. दोहोंच्या नावांत ‘ऑफ’ आहे. तथापि पहिलीस वाक्यात ‘द’ लावतात आणि दुसरीस बहुधा लावीत नाहीत. रिझर्व्ह बँक ही देशात एकच व सरकारी अधिकाराची असल्यामुळे तिच्या नावातील वर्णन जिवंत राहिले आहे. व्यापारी बँकेचे नाव लोकांच्या तोंडी दुकानाच्या नावासारखे रुळून गेले आहे. म्हणून स्टेट बँक ऑफ इंडिया, बँक ऑफ बडोदा इत्यादी नावे रोजच्या लिहिण्यात ‘द’वाचून येतात. आपल्या भागातील वृद्धांस हैदराबाद स्टेट बँक आठवत असेल. ती १९४१ साली निघाली, १९५६ साली तिचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले, आणि १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. ज्या घरांत त्या बँकेची जुनी पासबुके आहेत त्यांनी अर्जात आपल्या खात्याचा पूर्वेतिहास सांगताना त्या त्या वेळचे नाव छापल्याप्रमाणे लिहावे. ‘द’ आहे की नाही, याहून नाव बरोबर असणे अधिक महत्त्वाचे आहे.

यावरून चौथी, आणि व्यवहारात सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट निघते. काही संस्थांनी ‘द’ हे आपल्या नोंदलेल्या नावाचाच भाग करून घेतले आहे. महाराष्ट्रातील सहकारी बँकांच्या व पतसंस्थांच्या मराठी पाट्यांवर ‘दि’ असे एक अक्षर आरंभी दिसते, आणि पुष्कळांस ते ‘दिनांक’ या शब्दाचे संक्षिप्त रूप वाटते. ते तसे नसून इंग्रजी उपपदच मराठी लिपीत उतरले आहे. १९०६ साली पुण्यास निघालेली कॉसमॉस सहकारी बँक याचे उदाहरण होय. सरकारी सामान्य विमा कंपन्यांत तर हा भेद फारच ठळक आहे. ‘दि न्यू इंडिया ॲश्युरन्स कंपनी’ व ‘दि ओरिएंटल इन्शुरन्स कंपनी’ या दोहोंच्या नावांत उपपद आहे. ‘नॅशनल इन्शुरन्स कंपनी’ व ‘युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी’ या दोहोंच्या नावांत नाही. चारही कंपन्या सरकारच्या, चौघींचे काम एक. तरी दोघींना आहे व दोघींना नाही. यास व्याकरणाचा नियम शोधीत बसू नये. नाव ठेवणाराने जसे ठेवले तसे ते घ्यावे. बैलाच्या किंवा मोटारीच्या विम्याचा दावा लिहिताना पॉलिसीवरील नाव अक्षरशः उतरून घ्यावे. जेथे ‘द’ नावाचाच भाग आहे तेथे इंग्रजीत त्याचे पहिले अक्षर मोठे लिहितात. ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ यासारख्या नावात, वाक्याच्या मध्ये असता, ते लहान लिहितात.

उच्चाराविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पुढील शब्द स्वराच्या ध्वनीने सुरू होत असल्यास या उपपदाचा उच्चार ‘दी’कडे झुकतो, व्यंजनाच्या ध्वनीने सुरू होत असल्यास ‘द’ असा होतो. त्यामुळे ‘दि ओरिएंटल’ हे पाटीवरचे लेखन उच्चारासही धरून आहे. ‘दि न्यू इंडिया’ असे लिहिले असले तरी तोंडाने ‘द न्यू इंडिया’ म्हणावे. येथे अक्षर पाहू नये, ध्वनी ऐकावा. ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द इंग्रजीत स्वराच्या अक्षराने लिहितात, पण कानास ‘य’ ऐकू येतो. म्हणून ‘द युनिव्हर्सिटी’ हेच बरोबर. मराठीत लिहिताना मात्र नोंदलेल्या नावात असल्यावाचून हे अक्षर आणू नये. ‘दि मुंबई विद्यापीठ’ असे लिहिणे म्हणजे आपल्या भाषेला नको असलेले पागोटे चढविणे होय.

संक्षिप्त नावांची रीत सोपी आहे. अक्षरे सुटी सुटी उच्चारली जात असतील तर ‘द’ राहते. ती जुळून एक शब्द झाला असेल तर जाते. म्हणून ‘द आर. बी. आय.’ असे म्हणतात. पण १९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेस, तिच्या पूर्ण इंग्रजी नावापूर्वी ‘द’ असूनही, नुसते ‘नाबार्ड’ म्हणतात.

येथवर ‘द’ चुकले तर भाषा बिघडते, अर्थ बहुधा बिघडत नाही. परंतु एक जागा अशी आहे की तेथे अर्थच पालटतो, आणि तिजकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. शाळा, मंदिर, इस्पितळ, तुरुंग या शब्दांपूर्वी ‘द’ नसेल, तर ती संस्था ज्या कामासाठी आहे त्या कामासाठी मनुष्य तेथे गेला असा अर्थ होतो. ‘द’ असेल तर केवळ त्या इमारतीत गेला असा होतो. ‘शी गोज टू स्कूल’ म्हणजे ती विद्यार्थिनी आहे. ‘हर फादर वेंट टू द स्कूल’ म्हणजे तिचे वडील काही कामाकरिता शाळेत गेले. ‘वुइ गो टू चर्च’ म्हणजे आम्ही उपासनेस जातो. ‘द मेसन वेंट टू द चर्च’ म्हणजे गवंडी भिंत दुरुस्त करण्यास मंदिराकडे गेला. आता तुरुंगाचे पाहा. एखाद्या तरुणाने शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहिले की, माझा भाऊ कैद्यांस भेटण्यासाठी तुरुंगात जात असतो. आणि इंग्रजी करताना ‘माय ब्रदर वेंट टू प्रिझन’ असे लिहून थांबला, तर वाचणारा समजेल की भावास शिक्षा झाली! ‘टू द प्रिझन’ लिहिले असते तर घराण्याचे नाव सुरक्षित राहिले असते. मराठीतही आपण हा भेद करतोच, पण तो क्रियापदाने करतो : ‘दवाखान्यात ठेवले आहे’ म्हणजे रोगी, आणि ‘दवाखान्यात भेटायला गेला आहे’ म्हणजे पाहुणा. इस्पितळाविषयी इंग्रज व अमेरिकन यांच्यात मतभेद आहे. इंग्रज रोग्याविषयी ‘इन हॉस्पिटल’ म्हणतो. अमेरिकन रोग्याविषयीही ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतो. आपल्या महाराष्ट्रात अमेरिकन व स्कॉटिश अशा दोन्ही मिशनांनी शाळा चालविल्या. तेव्हा दोन वडील माणसे दोन तऱ्हेने बोलताना आढळली, तर दोघांसही बरोबर समजावे.

पदांचा उल्लेख करताना ‘द’ लागते, पण पदामागे लगेच व्यक्तीचे नाव आले तर लागत नाही : नुसते ‘द कलेक्टर’, परंतु नावासह केवळ ‘कलेक्टर अमुक’. पत्राच्या माथ्यावर ‘द हेडमास्तर’, ‘द तहसीलदार’ असे लिहून खाली कार्यालयाचे नाव ‘द’वाचून लिहावे. यास आपल्या मंडळ्यांतील एक अपवाद आहे. पाळकाच्या नावापूर्वीचा ‘रेव्हरंड’ हा शब्द पद नसून ‘आदरणीय’ अशा अर्थाचे विशेषण आहे. म्हणून जुन्या शिष्ट रीतीने नाव आले तरी ‘द’ राहते, जसे ‘द रेव्हरंड नारायण वामन टिळक’. येथेही आदर ‘रेव्हरंड’ या शब्दात आहे, ‘द’मध्ये नाही.

पुढील वाक्यांतील रिकाम्या जागी ‘द’ पाहिजे की नको ते प्रथम स्वतः ठरवावे, मग उत्तरे पाहावी.

(१) – विल्सन कॉलेज वॉज फाउंडेड इन १८३२.
(२) आय हॅव अप्लाइड टु – युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई.
(३) – नाबार्ड वॉज सेट अप इन १९८२.
(४) माय सिस्टर इज सेव्हन. शी गोज टु – स्कूल.
(५) अवर पास्टर वेंट टु – प्रिझन टु प्रीच.
(६) हि फाइल्ड अ केस इन – बॉम्बे हायकोर्ट.

उत्तरे : पहिल्यात नको, विशेषनाम आरंभी आहे. दुसऱ्यात पाहिजे, ‘ऑफ’ आहे. तिसऱ्यात नको, अक्षरे जुळून शब्द झाला आहे. चौथ्यात नको, ती शिकण्यास जाते. पाचव्यात पाहिजे, नाही तर पाळकच कैदेत पडतील. सहाव्यात पाहिजे, ते न्यायालय आहे.

शेवटी तरुण बंधुभगिनींस एवढेच सांगणे आहे की, चुकांमध्येही लहानमोठेपणा असतो. प्रमाणपत्रावरील शाळेचे नाव एक आणि अर्जावरील दुसरे, ही मोठी चूक होय. तिने कागद परत येतात व वर्ष फुकट जाते. तुरुंगासारख्या शब्दापूर्वीचे ‘द’ गळणे ही अर्थाची चूक होय. ती दोनदा वाचून टाळावी. परंतु बँकेच्या किंवा कॉलेजाच्या नावापूर्वी एक ‘द’ अधिकउणे झाले, तर ती लहान चूक होय. जेथे इंग्रज व अमेरिकन यांचेच एकमत नाही तेथे परभणीच्या शेतकऱ्याच्या मुलाने लाजावे असे काहीच नाही. आणि जे शिक्षक, कारकून व पंच असे अर्ज वाचतात, त्यांनीही मुलाची बुद्धी या अक्षराच्या मापाने मोजू नये. ज्याच्या मातृभाषेत ही खूणच नाही त्याने ती दहांपैकी आठ ठिकाणी बरोबर लावली, तर तो परिश्रम पाहावा. नावे पाटीवरून व प्रमाणपत्रावरून उतरून घ्या, वर सांगितलेले नियम जवळ ठेवा, अर्ज एकदा मोठ्याने वाचा, आणि मुदतीच्या आत पाठवा.